फोटो स्टॉप नको

एजंटने दिलेल्या कागदावर लंडनच्या वाट्याला दीड दिवस आला होता. अकरा दिवस, पाच देश, त्यात लंडन दीड दिवस. त्यातही बिग बेन – फोटो स्टॉप, बकिंगहॅम पॅलेस – फोटो स्टॉप, टॉवर ब्रिज – फोटो स्टॉप. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाजवळ नेला आणि विचारलं, "फोटो स्टॉपला गाडी थांबते, की नुसती हळू होते?" बाबांची सगळी नोकरी रेल्वेत, बडोद्यातल्या प्रतापनगरच्या ऑफिसात गेली. थांबा आणि थ्रू यांतली गल्लत ते खपवून घेत नाहीत.

एजंट हसला. "उतरायला मिळेल की काका, दहा मिनिटं." परतताना रिक्षात कुणी बोलेना. कारेलीबागेत शिरल्यावर सासूबाई म्हणाल्या, "दहा मिनिटं तर मला नुसतं बसमधून खाली यायला लागतात."

घरी पोचेपर्यंत ठरलं होतं. एकच शहर, आठ दिवस, आणि सगळं आपलं आपण. हे "आपलं आपण" किती महिने पुरणार आहे याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती. बरंच झालं.

बातमी सोसायटीत फुटली तशी रांग लागली. बडोद्यात लंडनला कुणी नाही असं घर शोधावं लागतं. हॅरोत मामा, वेम्बलीत साडू, लेस्टरला मुलगी. समोरच्या फ्लॅटमधले काका तर वहीच घेऊन आले. त्यांना सगळं पटलं, पण एक गोष्ट काही केल्या पचेना. "लंडन सुधी जशो ने पेरिस नहीं जाओ?" मी त्यांना समजावलं की पॅरिसला लंडनचा व्हिसा चालत नाही, शेंगेनचा वेगळा काढावा लागतो, पाच जणांची फी, पुन्हा अहमदाबादच्या खेपा. काकांनी मान डोलावली, चहा प्यायले आणि जाताना दारातून म्हणाले, "तो पण... पेरिस!"

महिना मेच ठरला, कारण माझी शाळा आणि लेकीची शाळा तेव्हाच बंद. त्याला एक हिशेबी कारणही होतं. लेक जूनमध्ये अकरा वर्षांची होणार होती, आणि लंडनच्या भुयारी रेल्वेत अकराच्या आतल्या मुलांना मोठ्यांबरोबर तिकीट पडत नाही. "म्हणजे मी फुकट आहे?" तिने विचारलं. "जूनपर्यंत," तिचा बाबा म्हणाला. मेच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या शाळांनाही सुट्टी असते आणि म्युझियमं मुलांनी फुलून जातात, हे कळल्यावर आम्ही तारखा अलीकडे ओढल्या. मीही मास्तरीणच. सुट्टीत दुसऱ्यांच्या शाळांच्या सहली कोण बघणार?

व्हिसाचं सांगते, कारण सगळ्यांना त्याचीच धास्ती असते. फॉर्म ऑनलाइन. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून भरता येतो, बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला केंद्रावर जावं लागतं, आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे धरायचे. आम्ही भरली तेव्हा सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसाची फी माणशी 127 पौंड होती. लेकीलाही तेवढीच. रेल्वेत फुकट असलेली पोरगी व्हिसात फुल तिकीट निघाली. व्हिसा हातात येईपर्यंत विमानाचं तिकीट काढायचं नाही, असं मी नवऱ्याला बजावलं होतं. रोज सकाळी भाडं बघून तो उसासे टाकायचा.

फॉर्म तसा अवघड नाही, लांबलचक आहे. पगार किती, खर्च किती, गेल्या दहा वर्षांत कुठे कुठे गेलात, आई-वडिलांचे जन्म कधीचे. एका रात्री जेवणं झाल्यावर मी सासूबाईंचा फॉर्म भरायला घेतला. एक प्रश्न आला: याआधी दुसऱ्या कुठल्या नावाने तुम्हाला ओळखलं जात होतं का?

"नाही ना आई?" मी सहज म्हटलं आणि 'नाही'वर टिचकी मारणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "होतं की."

माहेरचं आडनाव मला माहीत होतं, ग्वाल्हेरचं. पण लग्नात तांदळावर अंगठीने जे नाव लिहिलं गेलं, त्याच्या आधी त्यांचं पहिलं नावही निराळं होतं, हे पंधरा वर्षं एका घरात राहून मला ठाऊक नव्हतं. मी नवऱ्याकडे बघितलं. त्यालाही नव्हतं! सासूबाईंनी नाव सांगितलं. मी इंग्रजीत टाइप केलं, त्यांनी पदराने हात पुसले, स्क्रीनजवळ आल्या आणि म्हणाल्या, "शेवटी ए दोनदा नाही, एकदाच. शाळेच्या दाखल्यावर एकदाच आहे." मग बराच वेळ त्या खुर्चीमागे उभ्या राहून ते नाव बघत होत्या. बाबा पेपर वाचत होते. पान काही त्यांनी उलटलं नाही.

बाकी कागदपत्रांत सांगण्यासारखं काही नाही. खात्यात एकाएकी मोठी रक्कम आणून टाकायची नाही, जे आहे ते सहा महिन्यांच्या स्टेटमेंटमधून दिसू द्यायचं. आणि खोटं काही लिहायचं नाही. व्हिसे आले.

खरी मजा पुढे. डायनिंगच्या भिंतीवर मी लंडनचा मोठा नकाशा चिकटवला. पहिल्याच आठवड्यात त्यावर आमटीचा शिंतोडा उडाला, नेमका थेम्सच्या दक्षिणेला. ज्याने-त्याने सांगितलेली ठिकाणं मी यादी करून लिहिली. एकसष्ट झाली. मग प्रत्येक ठिकाणाला टाचणी लावायला बसलो आणि अर्ध्या तासात यादीची हवा गेली. कागदावर एकाखाली एक लिहिलेल्या दोन जागांत नकाशावर वीतभर अंतर, आणि यादीत तिसऱ्या-चाळिसाव्या नंबरवरच्या जागा एकमेकींना चिकटलेल्या. यादी उतरवली. त्या दिवसापासून एक नियम: एका दिवसाला एकच दिशा. उत्तरेला गेलो तर उत्तरेलाच, मग पूर्वेला कोहिनूर आमंत्रण घेऊन उभा असला तरी नाही.

टाइमटेबलची जबाबदारी अर्थातच बाबांनी उचलली. फुलस्केपवर पट्टीने रेघा मारून, गाडी अमुक वाजता, पोच तमुक वाजता. दोन दिवसांनी ते हिरमुसून माझ्याकडे आले. "अगं, यांच्या बऱ्याच गाड्यांना वेळच दिलेली नाही. नुसतं लिहिलंय, दर दोन-तीन मिनिटांनी." मी म्हटलं, "मग चांगलंच आहे की बाबा." "चांगलं काय? चुकली तर चुकली असं कळणार कसं?"

पण त्या रेल्वेने त्यांना लवकरच जिंकलं. जगातली पहिली भुयारी रेल्वे लंडनची, 1863 सालची, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन, वाफेच्या इंजिनावर चालणारी. बाबा लगेच, "आणि आपली डभोई–मियागाम 1862 ची!" खंडेराव महाराजांची ती नॅरोगेज, सुरुवातीला बैल ओढायचे. म्हणजे लंडनमध्ये जमिनीखाली इंजिन धूर सोडत निघालं त्याच्या आदल्या वर्षी आमच्याकडे रुळांवरून बैल चालले होते. हे पुढे महिनाभर त्यांनी घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं, गॅसवाल्यालाही. बेकर स्ट्रीट स्टेशनात 1863 चे मूळ फलाट अजून वापरात आहेत, पाच आणि सहा नंबरचे. बाबांचा हट्ट तिथेच पक्का झाला. राजवाडा नाही बघितला तरी चालेल, फलाट पाच बघायचा.

या जुन्या रेल्वेची दुसरी बाजू बाबांच्या गुडघ्यांना भारी पडणारी होती. भुयारी रेल्वेची 272 स्टेशनं, त्यांतल्या साधारण एक तृतीयांश स्टेशनांतच एकही पायरी न चढता रस्त्यापासून फलाटापर्यंत जाता येतं. बाकी ठिकाणी जिने. कॉव्हेंट गार्डनला लिफ्ट आहे, पण ती सोडून जिना धरलात तर 193 पायऱ्या. नकाशावर व्हीलचेअरची खूण असलेली स्टेशनं मी हिरव्या पेनाने गोल केली आणि आमचा सगळा आराखडा त्या हिरव्या गोलांवरून बेतला. ज्यांच्या घरात सत्तरीपुढची माणसं आहेत त्यांना माझं एकच सांगणं, हॉटेलची चित्रं बघण्याआधी हे गोल करा. नवऱ्याला पॅडिंग्टनजवळ राहायचं होतं, मधोमध. तिथले दोन खोल्यांचे भाव बघून तो स्वतःच गप्प झाला. शेवटी वेम्बली पार्क ठरलं. जरा लांब, चौथ्या झोनमध्ये, पण स्टेशनात लिफ्ट. तिथे ज्युबिली लाइन मिळते, आणि तिच्यावरची वेस्टमिन्स्टर, लंडन ब्रिज सगळी बिनपायऱ्यांची. शिवाय मेट्रोपोलिटन लाइनही तिथूनच जाते, म्हणजे त्या 1863 च्या कंपनीचा वारसा. बाबांनी ताबडतोब मान्यता दिली.

आता कोणी काय बघायचं. मी जाहीर केलं, प्रत्येकाला एक हट्ट. तो कितीही वेडगळ असो, पाळला जाईल. बाकी सगळं वाटाघाटीत.

लेकीने देवमासा मागितला. नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मोठ्या दालनात निळ्या देवमाशाचा सांगाडा छताला टांगलेला आहे, पंचवीस मीटरचा, बुडी मारताना असावा तसा. नवरा म्हणाला, "आणि ब्रिटिश म्युझियममध्ये काय?" "ममी," ती म्हणाली. "म्हणजे एवढे पैसे खर्चून लंडनला जाऊन देवमासा आणि ममी बघायची? दोन्ही कमाटीबागेत आहेत की!" त्याचं चुकलं नव्हतं. सयाजीबागेतल्या, म्हणजेच कमाटीबागेतल्या, आमच्या म्युझियममध्ये महीच्या मुखाशी आलेल्या देवमाशाचा सांगाडा आहे आणि इजिप्तची ममीसुद्धा आहे. बडोद्याचं प्रत्येक पोर तिला एकदा घाबरून मोठं झालेलं असतं. दुसऱ्या रविवारी लेक आजोबांना घेऊन तिथे गेली, आमचा देवमासा पावलांनी मोजून आली आणि वहीत आकडा लिहून ठेवला. तिथला मोजायचा आणि ताडून बघायचा. छताला टांगलेला मासा पावलांनी कसा मोजणार, हे मी विचारलं नाही.

पुढे कमाटीबाग आमचं तालमीचं मैदानच झालं. लंडनमध्ये दिवसाला दहा-बारा हजार पावलं होतात असं सगळे सांगत होते, म्हणून फेब्रुवारीपासून रोज सकाळी बाबा आणि आई बागेत. दर शनिवारी एक फेरी वाढवायची. नवे बूट घालून आई पहिल्यांदा निघाल्या तेव्हा पाचवारी साडीखाली ते पांढरे बूट बघून चौकीदारसुद्धा वळून बघत होता. आईंना काही नाही. झाडावर पोपटांचा कालवा चालू होता. लेकीने तिथेच सांगितलं की लंडनच्या बागांतही असेच हिरवे पोपट आहेत, गळ्यात कंठ असलेले, केन्सिंग्टन गार्डन्समध्ये तर हातावर येऊन बसतात. आईंना हे खोटं वाटलं. "एवढ्या थंडीत?" व्हिडिओ दाखवावा लागला.

आईंचा हट्ट लिहूनही घ्यावा लागला नाही. निस्डेनचं स्वामिनारायण मंदिर सोसायटीतल्या सगळ्यांनीच सांगितलं होतं. 1995 साली उघडलेलं ते संगमरवरी मंदिर आमच्या वेम्बली पार्कपासून जवळच. पण आईंना मंदिरापेक्षा दुसरंच हवं होतं. "तिथे मराठी बोलणारं कुणी भेटेल का?" लंडनला महाराष्ट्र मंडळ आहे, 1932 सालचं, न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने सुरू झालेलं, आणि त्यांची वास्तू डॉलिस हिलला, ज्युबिली लाइनवरच. मी म्हटलं, बघू, कार्यक्रम असेल तर जाऊ. नवऱ्याने कपाळाला हात लावला. "बडोद्यातून लंडनला जायचं आणि गुजराती मंदिर नि मराठी मंडळ बघून परत यायचं?" यावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा चालली. मला विचाराल तर त्या शहराचा तो एक भागच आहे. 2021 च्या जनगणनेत लंडनमधले दहातले चार लोक ब्रिटनबाहेर जन्मलेले निघाले. साउथॉलच्या स्टेशनवर नाव गुरुमुखीत आहे, व्हाइटचॅपलला बंगालीत. हे लोक बाजूला ठेवून लंडन बघायचं म्हणजे पुन्हा फोटो स्टॉपच.

त्यावरून पूर्वेचा दिवस तयार झाला. त्यातली एक इमारत मी स्वतःचा हट्ट म्हणून मागून घेतली. ब्रिक लेनवर 1743 साली फ्रान्समधून धर्माच्या छळामुळे पळून आलेल्या ह्यूगनो विणकरांनी चर्च बांधलं. पुढे ते मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाकडे गेलं. 1898 मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंनी त्याचं सिनेगॉग केलं. 1976 पासून ती मशीद आहे, तिथल्या बांगलादेशी वस्तीची. भिंती त्याच. वर एक सूर्यघड्याळ आहे, त्यावर लॅटिनमध्ये 'आपण सावल्या आहोत' अशा अर्थाचे दोन शब्द कोरलेले, तेही पहिल्यापासून तिथेच. बाबा म्हणाले, "दुसऱ्या कुठे हे झालं असतं तर कोर्टात असतं." मी विषय बदलला.

आणि मग बाबांचं दुसरं प्रकरण. फलाट पाच हा त्यांचा हट्ट होताच, पण एका संध्याकाळी ते म्हणाले, "लंडनमध्ये आपलं बडोदं किती आहे, बघायला पाहिजे." मला वाटलं, सयाजीरावांचं काही. महाराज 1887 पासून कितीदा तरी युरोपात गेले. पण बाबांच्या डोक्यात माणसं होती. ते दांडिया बाजारातले, अरविंद निवासाच्या आसपास वाढलेले. अरविंद घोष 1893 साली बडोद्याच्या नोकरीत आले, ती नोकरी ठरली लंडनमध्येच, महाराजांशी भेट होऊन. लहानपणी ते शेफर्ड्स बुशमध्ये राहत होते, त्या घरावर पाटी आहे. झाली सुरुवात. रोज रात्री एक नवी टाचणी.

दादाभाई नौरोजी 1874 मध्ये बडोद्याच्या मल्हारराव महाराजांचे दिवाण होते. त्याच्याही आधी ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजरातीचे प्राध्यापक होते, आणि पुढे 1892 साली तिथल्या पार्लमेंटात निवडून गेले. त्याच कॉलेजशेजारी गॉर्डन स्क्वेअर नावाची छोटी बाग आहे, तिथे नूर इनायत खानचा अर्धपुतळा. दुसऱ्या महायुद्धात ती ब्रिटिशांची गुप्तहेर म्हणून पॅरिसमध्ये वायरलेस चालवत होती, पकडली गेली आणि 1944 मध्ये डाखाउच्या छळछावणीत मारली गेली. तिचे वडील इनायत खान जन्माने बडोद्याचे, मौलाबक्षांचे नातू. ज्या मौलाबक्षांनी सुरू केलेली गायनशाळा आज सूरसागराच्या काठचं म्युझिक कॉलेज आहे. आमची लेक शनिवारी तिथेच व्हायोलिन शिकायला जाते. "म्हणजे माझ्या क्लासची?" ती म्हणाली. तसं नाही, पण मी हो म्हटलं.

या टाचण्या लावताना एक लावायला बाबांनी वेळ घेतला. किंग हेन्रीज रोड, घर नंबर 10, चॉक फार्म स्टेशनजवळ. डॉ. आंबेडकर 1921-22 मध्ये तिथे राहिले. 2015 साली ते घर महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. सयाजीरावांनी 1913 मध्ये त्यांना शिष्यवृत्ती दिली ही गोष्ट बडोद्यात सगळे अभिमानाने सांगतात. 1917 ची गोष्ट सांगताना आवाज खाली जातो. शिकून आलेल्या त्या माणसाला, राज्याच्या नोकरीत असताना, या शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून उतरले, तिथून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. पाच तास कमाटीबागेत काढून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. ते ज्याखाली बसले असं सांगतात तो वड, संकल्पभूमीचा, आमच्या रोजच्या फेरीच्या वाटेवरच आहे. वेम्बलीच्या दोन खोल्या मी मोबाइलवर सात मिनिटांत बुक केल्या होत्या, नाव-गाव कुणी विचारलं नव्हतं. बाबांनी टाचणी लावली, मग काढून पाव इंच डावीकडे लावली. "घर बरोबर दिसलं पाहिजे," म्हणाले.

गंमत अशी की विखुरलेलं वाटत होतं ते बरंचसं एका दिवसात बसलं. युनिव्हर्सिटी कॉलेज, गॉर्डन स्क्वेअर, ब्रिटिश म्युझियम, जिथल्या वाचनालयात आंबेडकर तासन्‌तास बसायचे, हे सगळं चालत जाण्याजोगं. लोकमान्य 1918-19 मध्ये मेडा व्हेलला राहत होते, हाउली प्लेसवर. तिथे कालवा आणि होड्या आहेत म्हणून नवऱ्याने हरकत घेतली नाही. अरविंद आणि लोकमान्य दुसऱ्या दिवशी, पश्चिमेला.

बुकिंगबद्दल थोडं. ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्टरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, सगळी फुकट, कायमच्या दालनांना तिकीटच नाही. टॉवर ऑफ लंडन मात्र महाग. कोहिनूर तिथल्या राणीमातेच्या मुकुटात आहे. "आपलाच हिरा बघायला आपण पैसे द्यायचे?" हा प्रश्न बाबांनी तीन वेळा विचारला, चौथ्यांदा मी कार्डाचा नंबर टाकून मोकळी झाले. उंचावरून शहर बघायला स्काय गार्डन फुकट आहे, पण जागा आधी धरावी लागते आणि तारखा दर सोमवारी सकाळी खुल्या होतात. लंडनची सकाळ, म्हणजे आपली दुपार. पहिल्या सोमवारी मी शाळेत पेपर तपासत होते, घरी येईपर्यंत सगळ्या गेल्या. दुसऱ्या सोमवारी ऑफ पिरियडला स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून मिळवल्या, पाचच्या पाच.

सातवा दिवस मी मुद्दाम मोकळा ठेवला. पाय दुखतील, पाऊस येईल, कुणाला तरी नुसतं झोपायचं असेल. बाबांना कोरा रकाना सहन होईना. त्यांनी त्यात लाल पेनाने लिहिलं: मेगाब्लॉक. तो शब्द नंतर खराही ठरला. शनिवार-रविवारी भुयारी रेल्वेच्या कुठल्या ना कुठल्या लाइनी कामासाठी बंद असतात, त्यांचं वेळापत्रक आधी जाहीर होतं. ते सापडलं तेव्हा बाबांचा चेहरा खुलला. "यांच्याकडेही रविवारी मेगाब्लॉक!" त्या दिवसापासून लंडन त्यांना परकं राहिलं नाही. बागा आणि बसचे प्रवास रविवारी टाकले. एका भाड्यात तासाभरात हव्या तेवढ्या बस बदलता येतात, पैसे रोख चालत नाहीत, प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतःचं कार्ड लागतं. एकाच कार्डावर चौघे आत, हा आपला हिशेब तिथे नाही.

खाण्यापिण्याची तयारी आईंची. बाहेरून दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत हे कळल्यावर घरात सुतक पसरलं. तूप नाही, पेढे नाहीत. समोरच्या काकूंनी हॅरोच्या मामांसाठी किलोभर पेढे आणून ठेवले होते, ते परत करताना मला फार अवघड गेलं. त्या बदल्यात खाकरे आले, दीड किलो.

मग संकष्टी. आमच्या आठ दिवसांत ती नेमकी पाचव्या दिवशी येत होती. कालनिर्णयात चंद्रोदयाच्या वेळा गावागावांच्या दिल्यात, लंडनची कुठून असणार? मी मोबाइलवर काढली. मध्यरात्र उलटून चंद्र उगवत होता. तिथे मेमध्ये सूर्यच पावणेनऊला मावळतो. दिवसभर चालून, उपाशी, रात्री साडेबारा-एकपर्यंत? बाबा म्हणाले, सोडून दे या वेळी. आई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाल्या, "आपल्या बडोद्याचा चंद्र तर तेव्हा केव्हाच वर आला असेल ना?" साडेचार तासांचा फरक. बडोद्यात चंद्र रात्री साडेदहा-अकराला उगवणार, तेव्हा लंडनला संध्याकाळचे सहा-साडेसहा. "मग झालं तर. गणपती बडोद्याचा, चंद्र बडोद्याचा. मी सहाला जेवीन." बाबांनी टाइमटेबलात पाचव्या दिवशी 18.30 समोर लिहिलं: चंद्रोदय, बडोदा.

निघायच्या दिवशी बॅगा काट्यावर लावल्या. चार बरोबर, पाचवी पावणेदोन किलो जास्त. उघडली तर खाकरे, भाकरवडी, लिलो चिवडा आणि तळाशी पितळी तांब्या. तांब्या कशाला, असं विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. बाबांनी स्वतःच्या बॅगेतून छत्री आणि एक स्वेटर काढून ठेवला.

रात्री बडोदा स्टेशनवर मुंबईच्या गाडीची वाट बघत उभे होतो. समोरचे काका-काकू पोचवायला आले होते, हार-नारळ घेऊन. लेक देवमाशाची वही छातीशी धरून बाकावर बसली होती, बाबा बॅगा मोजत होते. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा एक, दोन. गाडी शिरली, आम्ही चढलो, काका खिडकीशी आले आणि गाडी हलताना म्हणाले, "एक दिवस काढजो, भाई. पेरिस तो बाजुमां ज छे!"

बाबांनी मोजणं थांबवलं. "सव्वादोन तास," ते हळूच म्हणाले. "सेंट पँक्रसहून सुटते." मग माझ्याकडे न बघता ते खिडकीबाहेर बघायला लागले.